पहिला चहा वरच्या फळीवर

नाना, गुडघा दुखत होता हे कारण तुमच्यापुढे चालणार नाही, तरी सांगतो. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता पाथर्डी फाट्याजवळ एका साइटवर सेफ्टी सुपरवायझर आहे. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी, हातात तपासणीचा कागद. रोज सकाळी मजुरांकडून सुरक्षेची शपथ वदवून घेतो. ते माझ्यामागे म्हणतात आणि जांभया देतात. मीही देतो. मागे ऑफिसातून एक फॉर्म आला, ‘कामात समाधान आहे का?’ सगळ्यांनी ‘हो’ सांगितलं, कारण पेन माझ्या हातात होतं. माझ्या फॉर्मवरही मी ‘हो’च लिहिलं.

तुम्हाला असं कुणी विचारलं नाही. जन्मभर तुम्ही गवंड्यांना उभं राहून काम करायला इमारतींभोवती बांबू-काथ्याच्या परांच्या बांधल्या. इमारत झाली की त्या सोडायच्या आणि ट्रकमध्ये भरायच्या. विशीत तुमच्या हाताखाली होतो तेव्हा मी वैतागून म्हणालो होतो, आपलं मागं काहीच उरत नाही. तुम्ही काथ्या वळत म्हणालात, “माणसं उरत्यात ना. अजून काय पायजे?” तुमचा एक नेम होता. परांची बांधून झाली की बांधणाऱ्यानं पहिला चहा सगळ्यात वरच्या फळीवर बसून प्यायचा, तो खाली आल्यावरच गवंडी चढणार. गंगापूर रोडच्या कामावर मी खालूनच मान वर करून ‘पक्की आहे’ म्हणालो आणि चहा ओठाला लावला. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या हातातला कप काढून घेतलात. “खालून समदं बरंच दिसतं. वर जा, मंग सांग.” मी चढलो, तर तिसऱ्या मजल्यावरची माझीच गाठ दोन बोटांनी सुटली. तरी राग मला तुमचाच आला होता.

आता बांबू गेले, लोखंडी पाइप आले. आज सकाळी चौथ्या मजल्याच्या प्लास्टरसाठी परांची तपासायची होती. काल ठीक होती, गुडघा ठणकत होता, आणि खरं सांगायचं तर या कामाचा कंटाळा आलाय. मी खुर्चीत बसून ‘तपासली’वर खूण केली आणि चहा प्यालो, खालीच. तासाभरानं वरून मालाचं घमेलं खाली आदळलं. फळी बांधलेलीच नव्हती. सुरगाण्याकडची एक बाई पाइपाला लटकत होती. गवंड्यानं तिला आत ओढलं. कोपर सोलवटलं, बाकी निभावलं. ती खाली आली, पाणी प्याली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, “साहेब, तुमी वर जाऊन बघली व्हती ना? म्हणून मी बिनघोर चढले.”

मी ‘हो’ म्हणालो, नाना. वर म्हणालो, नंतर कुणीतरी फळी हलवली असेल. तिनं मान डोलावली, पदरानं कोपर पुसलं आणि दुसरं घमेलं उचललं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, याची मला अजून लाज वाटतेय.

हे सगळं तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही आता माझ्या हातातला कप काढून घेणार नाही. ती उद्या आठ वाजता गेटवर असेल, आणि तिला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.