आटलेला समुद्र

निशातगंज, १४ मे १९८३, शनिवार

मासा जेवला! आठवडाभर दगडामागे रुसून बसलेला आमचा केशरी मासा आज बाहेर आला आणि चक्क माझ्या बोटाजवळून खाऊन गेला.

ह्यांनी मुंबईहून रेल्वेने कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलंय. इथल्या लूच्या गरम वाऱ्यामुळे माशाच्या टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उतरतं, आणि हे रोज तेवढंच समुद्राचं पाणी ओतायचे. इंजिनिअर ना! हे दौऱ्यावर गेले तसा मी दुधातली भेसळ ओळखायचा लॅक्टोमीटर टाकीत सोडला. कॅनमधल्या पाण्यापेक्षा केवढा वर तरंगला, म्हणजे टाकीतलं पाणी जास्तच खारट! मग डोक्यात आलं, आमटी आटून खारट झाली की आपण काय घालतो? साधं पाणीच ना? मीठ थोडंच उडून जातं!

तेव्हापासून उकळून गार केलेलं पाणी रोज थोडंथोडं घालतेय. आज लॅक्टोमीटर बरोबर जागेवर.

संध्याकाळी तांब्या ओतत होते, तर दारात दूधवाले भैया. ह्याच लॅक्टोमीटरने मी त्यांना कितीदा पकडलंय! टाकीत तो तरंगताना पाहून म्हणाले, "अच्छा बहनजी, अब आप भी मिलाने लगीं?"

हसून हसून पुरेवाट झाली. आज त्यांचं दूध न तपासताच घेतलं.