घरी न परतणाऱ्या बाईची चाळीस पानं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय मुद्रितशोधन, अविवाहित, आज राहत्या घरी, भर दुपारी, चष्मा लावून आणि डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेलं नाही. ते आजवर कोणाला जमलेलंही नाही, हे माझे नातेवाईक आणि पोलीस दोघेही सांगतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या भाचीला द्याव्यात. मी बाविसाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा माझा थोरला भाऊ जिन्यात आडवा उभा राहिला. म्हणाला, "आज बाहेर पडलीस तर आम्हाला मेलीस."

"मग रडून घे आणि बाजूला हो," मी म्हणाले.

त्याने शब्द पाळला. आई गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, आणि तो गेला म्हणून आता करणार नाही. पण त्याचीच मुलगी तीस वर्षांपूर्वी बॅग घेऊन माझ्या दारात आली. "आत्या, ठरलेलं लग्न मोडून आलेय." मी एवढंच विचारलं, "जेवलीस का?" तेव्हापासून घर तिचंच आहे. कागद आज होतोय.

कलम २. लोखंडी कपाटातली चाळीस सुटी पानं. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

तरुणपणी आम्ही पाच जण याच खोल्यांत राहत होतो. नोकरी कोणी धरत नव्हतं, लग्नाचं नाव कोणी काढत नव्हतं. खालचे लोक आम्हाला 'वरचे वेडे' म्हणायचे. आमच्यातल्या एकाला शाळेने तीन महिन्यांत काढून टाकलं होतं, म्हणून तो 'मास्तर'. त्याने कादंबरी लिहिली आणि आम्ही ती हाताने फिरवायच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर छापली. दोनशे सुटी पानं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. पानांवर आकडे नाहीत, बांधणी नाही. वाचणाऱ्याने पत्ते पिसावेत तशी पानं पिसायची आणि वाचायची. कादंबरी त्याची, खोटं कशाला बोलू? पण घर सोडून गेलेल्या बाईची चाळीस पानं माझी. कोणतं पान शेवटी येतं, त्यावर ती परत जाते की नाही ते ठरायचं.

कोणीतरी अश्लीलतेची तक्रार केली. पोलिसांनी खोकी नेली, यंत्र नेलं, मास्तरला आणि मला नेलं. माझी मूळ पानं तेवढी सायकलवाल्याने टायरच्या गठ्ठ्यात दडवली. मास्तरने दुसऱ्याच दिवशी माफीनामा लिहून दिला.

"तुमच्या मित्राने सही केली. तुम्ही कशाला अडून बसता?" अधिकारी म्हणाले.

"तो त्याच्या पानांची माफी मागेल. माझ्या पानांनी कोणाचं काय बिघडवलंय?"

मी नऊ दिवस आत होते. कोठडीत घरमालकाचं डोकं फोडून आलेली एक इस्त्रीवाली होती. तिला मी त्या बाईची गोष्ट रोज वेगळ्या क्रमाने तोंडी सांगायचे. नवव्या दिवशी तिने विचारलं, "शेवटी ती घरी जाते का गं?"

"तुम्हीच ठरवा, मावशी."

ती म्हणाली, "नाही जात. जाणारी असती तर तिची गोष्ट सांगायला तू इथे कशाला बसली असतीस?"

या कादंबरीच्या अर्थावर पुढे तीन प्रबंध झाले. इस्त्रीवालीच्या जवळपासही कोणी पोचलेलं नाही.

सहा वर्षांनी मास्तरने कादंबरी बांधून काढली. पानांवर आकडे, वर एकट्याचं नाव, आणि शेवटच्या पानावर बाई बापाचं दार ठोठावते. सत्कारानंतर मी त्याला गाठलं.

"अगं, लोकांना शेवट लागतो," तो म्हणाला.

"लोकांना, की तुला?"

हातातली फुलं सावरत तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आता त्याचा मुलगा 'बाबांच्या समग्र साहित्यासाठी' माझी पानं मागतो. त्याला ती देऊ नयेत. भाचीने आणि आमच्या पाच जणांतल्या, पुढे बाइंडर झालेल्या मित्राने त्यांच्या हजार प्रती छापाव्यात, सुट्या, आकड्यांशिवाय, प्रस्तावनेशिवाय. दवाखान्यांत, बसथांब्यांवर, इस्त्रीच्या दुकानांत ठेवून याव्यात. लेखिकेचं नाव घालावं, मोठ्या टायपात. मास्तरच्या मुलालाही एक प्रत पाठवावी, नीट पिसून.

कलम ३. अर्थ विचारायला चार वेळा येऊन गेलेल्या प्राध्यापकांना पोलिसांच्या हातून राहिलेलं एक मूळ रिकामं खोकं द्यावं. त्यावर ते लिहितीलच.

कलम ४. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. शोकसभा घेऊ नये. कोणी घेतलीच तर मला 'बंडखोर' म्हणू नये. मला माझ्या मनाने राहायचं होतं, इतकंच. आरडाओरडा समोरच्यांनी केला.

कलम ५. अंमलबजावणी बाइंडरने करावी. तो शब्दाचा पक्का आणि पानांबद्दल हळवा आहे.

वाचून, खाडाखोड तपासून सही केली. एकही चूक सापडली नाही.

स्थळ: राहतं घर. दिनांक: १२ जुलै २०१९.

सही: मुद्रितशोधक

साक्षीदार १: शेजारीण, शिवणकाम.

साक्षीदार २: डॉक्टर. यांना मी शुद्धीवर असल्याचा दाखला मागितला. त्यांनी नाडी धरून विचारलं, "राग अजून येतो?"

"येतो."

"कोणाचा?"

"वर कलमवार दिलंय."

त्यांनी सगळं वाचलं आणि सही केली.