दोन अक्षरांत फाईल

२ मार्च, सकाळी ११
दुसरं अक्षर टाइप केलं आणि फाईल समोर. तिसऱ्याची गरजच पडली नाही. बोट तसंच हवेत राहिलं.

फाइंडर नावाचा प्लगिन आहे, फाईल शोधून देणारी छोटी जोडणी. ऑफिसातल्या ज्युनिअर तनुजाने पाच मिनिटांत माझ्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये बसवून दिला आणि ती आपल्या कामाला लागली. तिला त्याचं महत्त्व कळलेलं नाही. फाईलचं नाव अर्धवट आठवू दे, मधली अक्षरं गळू देत, तो ओळखतो. पंधरा वर्षं मी फोल्डरच्या आत फोल्डर उघडत बसलो. पंधरा वर्षं.

संध्याकाळी
सोपानरावांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची. आपलं लीक टेस्टचं मशीन चांगले ब्रेक पाइपसुद्धा गळके ठरवतंय. २४ तारखेला तळेगावचे कस्टमर चाकणच्या शेडमध्ये ट्रायल बघायला येणार. तोवर मशीन सुधारलं तर तळेगावचं नवं प्रोजेक्ट माझ्याकडे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे. मी सांगितलं, लीकच्या फाईलमधला कोड बदलायचा, दोन तासांचं काम आहे. ते खरंच दोन तासांचं आहे. म्हणूनच आधी हत्याराला धार.

४ मार्च
फाइंडरची खिडकी स्क्रीनवर खाली उघडते. नजर खाली न्यावी लागते. मध्यभागी आणली. दिवस गेला, पण आता रोज वेळ वाचेल.

५ मार्च
मध्यभागी कोड झाकला जातो. पुन्हा खाली.

६ मार्च
सर्व्हरवरचे सगळे फोल्डर काढून टाकले. फाइली एकाच ठिकाणी ओतल्या. फोल्डर म्हणजे स्वतःच्या स्मरणशक्तीवर अविश्वास.

शेजारच्या टेबलावरचा रोहिदास अजून माउसने काम करतो. ब्रेक पाइपचा फोल्डर कुठे गेला म्हणून विचारत आला. मी समजावलं की जागा ही कल्पनाच आता जुनी झाली. तो म्हणाला, "जयसिंगराव, भिंती पाडल्या आणि घर मोठं झालं म्हणताय. संडास कुठाय तेवढं सांगा."

बॅकअपमधून त्याने आपले जुने फोल्डर स्वतःपुरते परत घेतले. काही लोकांसाठी थांबता येत नाही.

८ मार्च, रविवार
मोशीच्या घरीही पद्धत लागू केली. लाइटबिलं, शाळेच्या पावत्या, गाडीचे कागद, सगळं एका सुटकेसमध्ये. बायकोला, साधनाला, घरपट्टीचं बिल हवं होतं. मी म्हटलं, जागा लक्षात ठेवायची नसते, शोधायचं असतं. शोधणार कोण, असं तिने विचारलं. मी क्रिकेट बघत होतो. शेवटी बिल तिलाच सापडलं. म्हणाली, या घरातला प्लगिन मीच आहे.

तुलना चुकीची आहे. तिला तासभर लागला.

१२ मार्च
ऑफिसात फाइंडरचं प्रशिक्षण दिलं. स्लाइड तीन दिवस करत होतो. हजर: तनुजा, रोहिदास, आणि एसी दुरुस्तीला आलेला एक जण. प्रश्न सर्वांत जास्त त्यानेच विचारले. तनुजाने एकच विचारला. सर, लीकची फाईल बघितली का? मी म्हटलं, आधी साधनं. तिने मान डोलावली. शिकेल.

१६ मार्च
प्लगिनची नवी आवृत्ती आली. घेतली. रंग गेले. नवे रंग लावले. सापडलेली अक्षरं पिवळी दिसतात. डोळ्यांना त्रास होतो. हिरवी केली. मग हिरव्यात ओळखू येईनात.

सोपानराव मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. हे काय करतंय, असं विचारलं. मी सांगितलं, कुठलीही फाईल क्षणात सापडते.

"आन् घावल्यावर?"

मी म्हटलं, उघडते. त्यांनी घड्याळ बघितलं. गेले. प्रभाव पडलेला दिसला.

१९ मार्च, पाडवा
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. गुढी उभारून झाली, श्रीखंडाआधी घरचा लॅपटॉप उघडला (फाइंडर त्यातही आहे) आणि संकल्पपूर्वक दोन अक्षरं टाइप केली. लीकची फाईल एका क्षणात समोर. वरपासून खालपर्यंत वाचली. बंद केली. हवी तेव्हा क्षणात उघडता येते हे सिद्ध झाल्यावर घाई कशाला?

श्रीखंड जास्त झालं. झोप.

२० मार्च
तनुजाने विचारलं, ती फाईल मी बघू का? मी उदारपणे हो म्हटलं. पाठवतो म्हणालो, तर म्हणाली रोहिदासदादांच्या फोल्डरमधून घेतली आहे. खंत वाटली. एवढं प्रशिक्षण घेऊन पुन्हा फोल्डर.

दिवसभर ती चाकणच्या शेडमध्ये मशीनपाशी होती. संध्याकाळी सांगत होती की पाइप धुऊन येतात तेव्हा गरम असतात. थंड होताना आतला दाब उतरतो आणि मशीनला ती गळती वाटते. पाइप थोडा निवेपर्यंत मशीनने थांबलं पाहिजे, तसं तिने कोडमध्ये टाकलं. मी म्हटलं, मलाही तोच संशय होता. मला असायला हवा होता, एवढं नक्की.

२१ मार्च
पिवळाच बरा होता.

२४ मार्च, दुपारी
ट्रायल झाली. सविस्तर नोंदवतो.

शेडमध्ये प्रोजेक्टर लावला होता. तळेगावहून श्रद्धा मॅडम आणि त्यांचे दोन इंजिनिअर. मशीनवर पाइप एकामागून एक चढले. सगळ्यांना हिरवा दिवा, म्हणजे पास. मॅडम खूश. बदल कोडमध्ये कुठे केला ते दाखवा म्हणाल्या. मी याच क्षणाची वाट बघत होतो. फाइंडर उघडला.

काही टाइप करण्याआधी तो अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी दाखवतो. ही सोय मीच चालू केली होती. पडद्यावर अक्षरं चांगली मोठी दिसत होती. फाइंडर रंग. फाइंडर खिडकी. फाइंडर रंग नवे. फाइंडर रंग जुने परत. प्रशिक्षण स्लाइड. फाइंडर खिडकी खाली. श्रद्धा मॅडमनी सगळी यादी शेवटपर्यंत वाचली. वाचक असा हवा. लीकची फाईल त्यात नव्हती.

मी दोन अक्षरं टाइप केली. क्षणात उघडली. वेग बघा, म्हटलं. मॅडमनी विचारलं, बदललेली ओळ कोणती? ती माझ्या प्रतीत नव्हती. तनुजाचा बदल रोहिदासच्या फोल्डरमध्ये. मागून तिनेच सांगितलं, पाइप निवण्याचं, दाब उतरण्याचं, सगळं. मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. नंतरचे प्रश्न तिकडेच गेले. मला प्रोजेक्टर सांभाळता आला.

सोपानराव पडद्याजवळ उभे होते. म्हणाले, "फाईल तर घावली, जयसिंग. आता तिच्यात तुजं काम घावतंय का बघ."

सगळे हसले. रोहिदास जरा जास्तच. वातावरण मोकळं झालं. ट्रायल यशस्वी. तळेगावचं नक्की समजायला हरकत नाही. घरी जाताना पेढे घेतले.

२५ मार्च, सकाळी
तनुजा ऑफिसात नव्हती. सकाळीच सोपानरावांच्या गाडीतून तळेगावला गेली. माझ्यासाठी रोहिदासकडे निरोप होता, सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली परत फोल्डरमध्ये लावायच्या. रोहिदासला पेढा दिला. पहिल्या फोल्डरला काय नाव द्यायचं ते त्याला विचारलं.