वाटी जागेवर आहे

आबा, काल इथे आमचं मेडिकल झालं. आखातातल्या या गोदामात करार वाढवायचा म्हणजे उकिडवं बसून, हात न टेकता उठून दाखवावं लागतं. ज्याला जमत नाही त्याला घरी पाठवतात. आठवडाभर खोलीतली पोरं उठाबशा काढत होती. मी नाही काढल्या. मला माझा गुडघा माहीत आहे.

तुम्हालाही माहीत होता. लहानपणी मार्केट यार्डात मी पोत्यांवरून उड्या मारत होतो, तेव्हा गुडघ्याची वाटी पहिल्यांदा सरकली. पाठीवरचं पोतं टाकून तुम्ही आलात. "खाली बघू नको, माझ्याकडं बघ," म्हणत पाय हळूच सरळ केलात, तशी ती जागेवर आली. पुढे ते सारखंच व्हायला लागलं. तुम्ही म्हणायचात, "तू एका जागी बसला असतास तर तीबी बसली असती." शेवटी ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, आता निसटणार नाही, पण मांडी घालणं जमेलच असं नाही. घरी आलो तर जेवायला दोन पालथे क्रेट मांडलेले. आई खाली, आपण दोघं वर. "कंबर धरती रे माझी," म्हणालात. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाची कंबर फक्त जेवतानाच धरते, हे मी तेव्हा खरं मानलं. तुम्ही गेल्यावर आईने तो दुसरा क्रेट उचलून ठेवला.

डॉक्टरांचं खरं ठरलं. वाटी पुन्हा कधी निसटली नाही. पण अजून जिना दिसला की आधी कठडा शोधतो, आणि उठताना गुडघ्यात वाळू भरडल्यासारखं वाजतं. इथल्या डॉक्टरने एक्स-रे बघून सांगितलं, वाटी जागेवर आहे, तिच्याखालचं झिजलंय, ओझी उचलणं सोड. सोडून जाऊ कुठे? बरोबरीची पोरं हिंजवडीला कंपनीच्या बस चालवतात. तिथल्या ट्रॅफिकमध्ये माझा डावा पाय क्लचवर टिकायचा नाही. आणि पासपोर्ट इथे साहेबाच्या कपाटात.

काल खाली बसलो आणि तिथेच अडकलो. रांगेतल्या मागच्या मल्याळी पोराने काखेत हात घालून मला वर ओढलं. तपासणारा शिक्के मारत होता. त्याने मान वर केली तेव्हा मी उभा होतो. पास. आता आणखी दोन वर्षं. पोरांनी पाठ थोपटली, मीही हसलो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढं खरं लिहितो. खाली अडकलो होतो तेव्हा मी गुडघ्याकडे बघतच नव्हतो, आबा. त्या तपासणाऱ्याकडे बघत होतो. त्याने एकदा मान वर करावी आणि मला घरी पाठवावं, म्हणून.