दुसऱ्या डब्यातली शेपटी

३ मार्च
धाकटीची प्लेट पिवळीधमक! पहिल्याच खेपेला! माझ्या तीन महिन्यांच्या प्लेटा मात्र पाण्यासारख्या.

मी ट्यूबा भरत बसले होते. पहिला डबा झाला, दुसरा घेतला, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या काचेच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. मान वर केली. बाई धाकटीची प्लेट उजेडात धरून म्हणत होत्या, “तुझ्या हाताला गुण आहे गं!” हात थांबला. मग पुन्हा भरायला लागले. चेहरा हसरा ठेवला. गाल दुखले.

६ मार्च
माझ्या पोटात दुखतंय ते स्पष्ट लिहून टाकते, निदान इथे तरी.

धाकटी माझी आतेबहीण. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, आत्यानं दोघींना जेवणाच्या टेबलावर शिकवलं. मी दोन वर्षांनी मोठी, तरी पाढे आधी तिचे व्हायचे. आता प्रयोगशाळाही एकच. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत वर्षभरासाठी एकीलाच जाता येणार, आणि बाई महिनाअखेर नाव कळवणार.

दोघींचं काम एकाच रिसेप्टरवर. माणसाच्या रोगप्रतिकारक पेशीच्या अंगावर हे प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं, परकं कोणी आलं की पकडतं. आमच्याकडे येतो तो रिसेप्टर दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेला, मागे एक शेपटी जोडलेला. रंग आणणारं रसायन त्या शेपटीला धरतं. प्लेटेच्या तळाशी चिकटवलेलं सावज रिसेप्टरनं पकडलं तर प्लेट पिवळी, नाहीतर तो धुऊन जातो आणि प्लेट पाण्यासारखी. लेबलं लावून ट्यूबा मीच भरते: रिसेप्टरच्या ट्यूबांवर ‘र’, नुसत्या शेपटीच्या ट्यूबांवर ‘शे’. तिच्या पिवळ्या प्लेटेतला रिसेप्टरही माझ्याच, आधी भरलेल्या ट्यूबेतला! “ताई, तुझ्या ट्यूबा म्हणजे डोळे मिटून घ्यायच्या,” म्हणाली. मला ते टोमण्यासारखं लागलं. टोमणा नव्हता, हे मला माहीत आहे.

१० मार्च
तिनं नुसती शेपटी तपासलेलीच नाही! वही चाळली तिची — तिनंच दिली होती चाळायला. शेपटीच सावजाला चिकटत असेल तर सगळा पिवळा रंग खोटा. इतकी साधी गोष्ट. आत्या इथे असती तर कान धरला असता.

धाकटीला सांगायला हवं.

११ मार्च
सांगितलं नाही.

१२ मार्च
मीच तपासलं. ती जेवायला गेल्यावर, दुसऱ्या डब्यातली ‘शे’ घेऊन. पंधरा मिनिटांत प्लेट पिवळी. नुसत्या शेपटीनं!

केवढा आनंद झाला! बहिणीचं घर जळतंय आणि मी हात शेकतेय. लाज वाटली. आनंद गेला नाही.

१३ मार्च
बाईंना सांगितलं. “काळजीपोटी सांगतेय,” असं म्हटलं. खोटं! धाकटीला आधी सांगायचं होतं, मी थेट वर गेले.

बाईंनी तिला बोलावलं. मी दाराशीच. वाटलं रडेल, भांडेल. ती एवढंच म्हणाली, “ताई म्हणतेय म्हणजे बरोबर असेल. तिचं चुकत नाही.” मग माझ्याकडे वळून, “मला सांगायचंस ना गं आधी.”

मी आपल्या टेबलाशी आले. पाणी प्यायले.

१७ मार्च
तिनंही बाईंसमोर तपासून पाहिलं, त्याच डब्यातली ‘शे’ घेऊन. पिवळी. बाई म्हणाल्या, “वाचलो. हा निष्कर्ष छापला असता तर नाक कापलं गेलं असतं.” आणि मला, “तुझंच नाव पाठवते. अशी बारीक नजर हवी.”

मिळालं. तीन महिने हेच हवं होतं. मग घास का उतरत नाही?

धाकटी सबंध दुपार एकटी काम करत होती. काय करतेस, विचारलं. “आवरतेय.”

१९ मार्च
आत्याचा फोन. “धाकटी सांगत होती, तू चूक पकडलीस म्हणून. छान केलंस.” आवाजात काही राग नाही. मग जुन्या सवयीनं, “आधी आपली वही उघडलीस ना?”

आत्याचा नियम होता तो. दुसरीच्या वहीत चूक दिसली की बोट दाखवण्याआधी स्वतःची वही उघडायची. मी “हो” म्हणाले.

उघडली नव्हती.

२० मार्च
उघडली. माझंच अक्षर, सुबक: ‘र’ प्रत्येकी वीस मायक्रोलिटर, ‘शे’ प्रत्येकी पन्नास.

फ्रीझरमधून दुसरा डबा काढला. ‘शे’च्या ट्यूबांच्या तळाशी इवलासा थेंब. ‘र’च्या ट्यूबा चांगल्या भरलेल्या. सगळ्या. पहिल्या डब्यात बरोबर. दुसऱ्यात उलट्या.

डब्यावर तारीख ३ मार्च. मान वर केली होती ना मी! परत खाली घातली ती चुकीच्या रांगेवर. शेपटी निर्दोष आहे. धाकटीची प्लेट खरी आहे. मी पिवळी करून दाखवली ती रिसेप्टरनंच.

डबा परत ठेवला. हे कोणालाच कळणार नाही. हे वाक्य माझ्या मनात आलं, म्हणून लिहून ठेवते.

२१ मार्च
तिच्या टेबलाशी लवकर गेले, पाय धरायचीही तयारी करून. ती आली नव्हती. वही उघडीच. १७ तारखेच्या मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं —

‘दुसऱ्या डब्यात लेबलं उलटी. पहिल्या डब्यातून पुन्हा केलं, शेपटीला रंग नाही. बाईंना सांगायचं नाही. ताईला जाऊ दे.’

बाई नऊला येतात. साडेआठ झालेत. त्यांच्या दाराशी उभी आहे, दोन्ही वह्या घेऊन.