बाबांच्या कानातला आवाज

प्रिय दादा,

आधी साध्यासुध्या बातम्या देते. माझी नोकरी टिकून आहे, लग्नाचा पत्ता नाही आणि माझा सिंथेसायझर अजून तुझ्याच खोलीत ठाण मांडून बसलाय. तुझ्या पलंगावर वायरींचा गुंता असतो. आई त्यावरून रोज कटकट करते आणि रोज स्वतःच त्या नीट गुंडाळून ठेवते.

सध्या मी एका नाटकासाठी वारा बनवतेय. हसू नकोस. डोंगरावरच्या घरात दोन माणसं अबोला धरून बसलीत आणि बाहेर अख्खा अंकभर वारा आहे. दिग्दर्शिकाबाईंना तो त्यांच्या मनासारखा कमीजास्त व्हायला हवाय. म्हणून मी सिंथेसायझरमधला नॉइज ऑसिलेटर वापरते. बाकीचे ऑसिलेटर सूर काढतात, हा नुसता खरखरतो, सगळे सूर एकदम ओतल्यासारखा. त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ते फिल्टरनं ठरवायचं. वरचं गाळलं की वारा घुमतो, खालचं गाळलं की तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर होते. झटकन उठवून लगेच विझवला, तर काडी पेटल्यासारखं वाटतं.

परवा दुपारी मी खालचं सगळं गाळून बघत होते. बाबा चष्मा शोधत आले आणि दारातच थबकले. आवाजाचा त्रास होतोय असं वाटून मी बंद करायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. हा माझ्या कानात आहे."

मला आधी कळलंच नाही. मग ते स्टूल ओढून बसले. अजून बारीक कर, म्हणाले. मी फिल्टर वर नेला. आता जरा धार लाव. मी धार लावली. यात एक शिट्टी पण असते, लांबून येणारी. मी दुसऱ्या ऑसिलेटरवर उंच सूर लावला आणि अगदी हळू करत नेला. एका ठिकाणी त्यांनी माझा हात धरला. "बस. हेच."

छापखान्यात मशीनशेजारी उभं राहून आयुष्य गेलं त्यांचं. हा आवाज तिथूनच घरी आला, आणि निवृत्तीनंतर वाढतच गेला. सांगितलं का नाही, असं विचारलं, तर म्हणाले, दाखवता येत नाही ते सांगायचं कसं. त्यांनीच आईला हाक मारली आणि तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. लक्ष नसतं तुमचं, म्हणून इतकी वर्षं त्यांना बोलणारी आपली आई. थोड्या वेळानं तिनं ते काढले. "हे दिवसभर असतं, अहो?" बाबांनी मान हलवली. मग कितीतरी वेळ ती त्यांच्याजवळ तुझ्या पलंगावर बसून होती, वायरी बाजूला न सारता.

काल आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हा आवाज जाणार नाही, पण यंत्र लावल्यावर बोलणं बरंच कळेल म्हणतात. समोर बसून सावकाश बोललं, तर आजही कळतं. फोनवर मात्र काहीच नाही.

परत आल्यावर बाबांनी विचारलं, फोनवरचा माणूस त्या आवाजाखाली घालता येतो का. तू फोनवर बोलून ठेवलेला एक जुना निरोप माझ्याकडे होता, तो मी घातला. सोबत पाठवतेय, ऐक. शब्द सगळे झिजून जातात, नुसतं कुणीतरी बोलतंय एवढंच उरतं. तुला मुलगी झाल्याचं तू फोनवर कळवलंस, तेव्हा बाबा "बरं, बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात देऊन निघून गेले. तेव्हापासून तू फोन केला नाहीस. तू घर सोडून गेल्याचा राग त्यांनी नातीवर काढला, असं तुला वाटलं. आम्हालाही तसंच वाटलं. दादा, त्यांना ऐकूच आलं नव्हतं. परत विचारायची लाज वाटली, म्हणून बरं म्हणाले. नंतर आईच्या बोलण्यातून त्यांना नातीचं कळलं, तोवर तू फोन उचलेनासा झाला होतास. मी हे पत्र लिहितेय ते त्यांच्या सांगण्यावरून, आणि आत्ता ते समोरच बसलेत. फोन नको म्हणावं, म्हणतात. नातीला घेऊन ये, आणि माझ्यासमोर बसून परत एकदा सांग.

तुझीच,
धाकटी