कपाशीतली तूर

माय, तुला लिहिते आहे. नात पाटीवर अक्षरं गिरवायची, तिच्यासोबत मीही शिकले. चुकलं तर तू काय धरणार, तुझाही अंगठाच होता.

तुझ्या वेळेस कापूस पिकवला, गाडीत भरला, विकला. आता काय पेरायचं ते दोन सरकारांच्या भांडणावर ठरतं. फाळणीत झालेला पल्याडचा नवा देश आणि आपला, रुपयाच्या मोलावरून रुसले. त्यांच्या लांब धाग्याच्या कापसाच्या गाठी यायच्या बंद झाल्या, मुंबईच्या गिरण्या अडल्या, आणि आमच्या चावडीवर शेतकी खात्याचा साहेब येऊन बसला. लांब धाग्याचं बी सवलतीत देतो म्हणाला, खतही देतो. अट एकच, वावरात निव्वळ कपाशी. मधात तुरीची ओळ नको.

"मग वरण कायचं करू साहेब, सरकीचं?"

"आजी, देशाला कापूस हवा आहे."

"अन् देश जेवत नाई का?"

"जेवतो की. पण गव्हाचं जहाज येतंय, कापसाचं थांबलंय."

लेक लाजला. "माय, चूप राह्य न. काऊन भांडून राह्यली?"

पेरणीच्या दिवशी तू सारखी डोळ्यांपुढे. तिफणीमागच्या सरत्याच्या नळीतून सरकी सोडत तू चालली आहेस, मी तुझ्या मागून. कपाशीच्या काही ओळी झाल्या की एक तुरीची. एकदा गप्पांच्या नादात मी तुरीची ओळ विसरले, तर तू बैल थांबवलेस आणि सगळ्या बायांसमोर म्हणालीस, "नवऱ्याच्या घरी का बोंडं शिजवून घालशीन?" लग्नात मावश्यांनी लुगडी दिली; तू गाडगंभर तुरीचं बी दिलंस, राखेत घोळून. तेव्हा मला रागच आला होता. पण तेच बी दरसाल पेरून, दरसाल राखेत ठेवून इथवर आणलं.

या खेपेला तिफण लेकाकडे, सरता माझ्या हातात, ओटीत सरकारी सरकी.

"तूर आणली नाई ना?" त्यानं दोनदा विचारलं.

"ओटी झटकून दाखवू का?"

खरंच आणली नव्हती. लेकाशी भांडलं की सून दोन दिवस दोघांच्या मधात भरडली जाते.

कपाशी चांगली आली, खोटं कशाला बोलू. धागा बोटावर ओढला तर रेशमासारखा. पण गिरण्यांना महाग पडू नये म्हणून सरकारनं भावावर वरून झाकण घातलं होतं. वर्ध्याच्या बाजारात लेकानं व्यापाऱ्याशी बराच वाद घातला आणि त्याच भावात गाडी रिकामी केली. येताना डाळ आणली. आपल्या घरात विकतची डाळ, माय! ती किती पुरणार? संपली तेव्हा मी गाडगं खाली उतरवलं, राख पाखडली, बी भरडलं आणि शिजत घातलं.

आता त्या दोन सरकारांचं जमलं म्हणे. गाठी परत येऊन राहिल्या, साहेब येईनासा झाला. काल लेक म्हणतो, "माय, औंदा मधात तूर टाकू. बी काढून ठेवजो."

मी हो म्हटलं. गाडगं रिकामं आहे हे सुनेला ठाऊक आहे. ती बोलायची नाही, तीही तेच वरण जेवली आहे. उद्या शेजारणीकडे पदर पसरीन. ती देईल, पण चार शब्द ऐकवून देईल.

हा कागद टपालात टाकून काय करू, चुलीत घालीन. एवढंच सांगायचं होतं की तुझ्या बियाचं वरण फार गोड लागलं. मी दोनदा वाढून घेतलं.